चपलेवरचा खडा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जातो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... फक्त त्या एका रविवारचं तेवढं कुणीतरी मला समजावून सांगा.

पंचावन्न-छप्पन साल असेल. आम्ही अंधेरीला, मावशी चेंबूरला. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लढाईआधी नोकरीसाठी अंदमानला गेले. तिथे जपानी सैनिकांनी कित्येकांना गोळ्या घालून मारलं, त्यात काकाही गेले, असं पत्र आलं. मावशीने ते ‘पत्ता चुकला’ असं लिहून परत पाठवलं! कुंकू तसंच, आणि रोज जेवायला दोन पानं.

पुढे मेलेल्यांच्या नातेवाइकांनी मरोळला एक स्मारक उभारलं. आई मला म्हणाली, "तिला घेऊन जा, दगडावरचं नाव दाखव. एकदाची रडू दे रे तिला."

काकांची एक खोड होती. लग्नाकार्यात कंटाळले की ते मावशीच्या चपला मांडवाच्या दाराशी, तोंड बाहेर करून मांडत. डाव्या चपलेवर एक खडा. म्हणजे — चल, निघू या. स्वतः चपला घालून शेजारी तयार! मला ते ‘दीडशहाणा’ म्हणत.

तर स्मारकापाशी त्या रविवारी कार्यक्रमासाठी मांडव घातला होता... चोरीच्या धास्तीने मी दोघांच्या चपला पिशवीत घातल्या, तोंडाला गाठ मारली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलो. मावशी दगडाकडे बघेना.

"चष्मा घरी राहिला," म्हणाली. चष्मा कमरेला खोचलेला!

भाषण तासभर चाललं, तरी वक्ते पहिल्या महायुद्धातून बाहेर पडेनात. शेवटी मावशी कुजबुजली, "चपला दे, जाऊ या."

गाठ सोडली. आत फक्त माझ्या चपला.

"वाट लागली, मावशी!"

"नीट बघ ना, मेल्या!"

मांडवाच्या दाराशी तिच्या चपला होत्या. तोंड रस्त्याकडे. डावीवर खडा.

मावशी आधी हसली. मग इकडेतिकडे बघत राहिली. "दर वेळी शेजारी उभे असायचे रे," म्हणाली. "आज थांबले नाहीत."

ती परत आत गेली, कमरेचा चष्मा काढून लावला, दगडावरचं नाव बोटाने वाचलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. वक्त्यांना वाटलं, भाषण रंगलं.

त्या संध्याकाळी तिने एकच पान वाढलं.

गाठ मी स्वतः मारली होती, स्वतः सोडली. मधे काय झालं, मला आजही ठाऊक नाही. माझ्या चपला तेवढ्या पिशवीतच ठेवल्या होत्या... काकांचं माझ्याबद्दलचं मत काही बदललं नव्हतं.