म्हसोबाचा बंगला नंबर काय?

मित्रांनो, आज दुपारी मी माझ्याच आईला गेटवर अडवलं.

मुळशीत ज्या बंगल्यांच्या सोसायटीत मी सिक्युरिटी गार्ड आहे, तिथं आधी आमची भातखाचरं होती. शेताचा राखणदार म्हसोबा अजून आतच आहे, स्विमिंग पुलामागं. दरवर्षीसारखी आई त्याला निवद घेऊन आली.

नवा सुपरवायझर म्हणाला, "कुणाकडे आल्यात? बंगला नंबर विचार. नसेल तर परत पाठव."

मी विचारला. सख्ख्या आईला बंगला नंबर विचारला!

तिनं ताट माझ्या खुर्चीवर ठेवलं. "आता हितली राखण तूच करतुयास न्हवं? मग तूच खा."

ड्युटी संपली. ताट तसंच घरी आणलंय. तुम्ही असता तर खाल्लं असतं?