वडीत परतलेला ऑक्सिजन

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात सूर्यभान साळवे, म्हणजे सगळ्यांचे मामा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं बाटल्या धूत आले होते. शिक्षण नववी, पण प्राध्यापकांनाही दम भरायचे. मी शेजारच्या भौतिकशास्त्रात शिकवत होतो आणि चहाच्या निमित्तानं त्यांच्याकडेच पडीक असायचो.

१९९३ साली रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अश्विनी मॅडमनी एम.फिल.साठी इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडच्या काळ्या वड्या भाजायला घेतल्या. अशी वडी भयंकर गार केली की तिच्यावर चुंबक अधांतरी तरंगतं. अट एकच, भट्टी सावकाश निवली पाहिजे. निवता निवता वडी हवेतला ऑक्सिजन आत ओढून घेते, आणि रासायनिक सूत्रातला त्याचा आकडा सातच्या जवळ गेला तरच जमतं. मामांनी दर अर्ध्या तासाला तापमान वहीत लिहायचं होतं.

नेमके त्याच दिवशी मामांच्या मुलीला, पंकजाला बघायला पाहुणे येणार होते. तीन वाजता भट्टी सातशे अंशांवर, आणि चारची एसटी चुकवून चालणार नव्हतं. मामांनी चिमट्यानं वड्या बाहेर काढल्या, पुढचे आकडे मनानं लिहिले आणि कुलूप लावलं. काळ्या वडीकडे बघून कुणाला काय कळणार होतं?

मॅडमनी एक वडी कुटली, आम्लात विरघळवली आणि आयोडीनच्या पद्धतीनं ऑक्सिजन मोजला. सहा पूर्णांक चार. स्टार्च ताजा केला, ब्युरेट बदललं, तरी तेवढाच. वही ठीक म्हणजे आपलाच हात चुकतोय, असं धरून त्या तीन दिवस स्वतःला बोल लावत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी गाइडना पत्र लिहायला घेतलं, की मला हे झेपत नाही, मी सोडते.

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. मामा टेबल पुसायला गेले आणि ते पत्र वाचून थांबले.

"म्याडम, तुमचा हात चुकला न्हाई. शेवटचे आकडे मी मनानं लिवलेत. वड्या गरमच काढल्या हुत्या."

मॅडमनी पत्र बाजूला सारलं आणि वही उघडली. मला मामांचा संताप आला, खोटं कशाला सांगू? पण मामांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा नवल जास्त होतं. खोलीत माणूस नव्हतं, तरी मुक्या वडीनं सगळं धरून ठेवलं, असं ते मला नंतर म्हणाले.

वड्या वाया गेल्या नव्हत्या. त्याच पुन्हा तापवून ऑक्सिजनमध्ये सावकाश निववल्या, तर कमी पडलेला ऑक्सिजन त्या घेतील, असं मॅडमनी सांगितलं. मामांना ते खरंच वाटेना. वेल्डिंगवाल्याकडून सिलिंडर आला. भट्टीवर कोण बसणार, मी मुद्दाम विचारलं. मॅडमनी वही मामांपुढे सरकवली. त्या दिवशी मामा जेवायलासुद्धा उठले नाहीत.

द्रव नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून मिळाला. तिथे वळूचं रेत त्यात गोठवून ठेवतात. वडीवर तो ओतला, धुकं उसळलं, मॅडमनी वर बारीकसं चुंबक सोडलं आणि ते हवेत थांबलं. मामांनी त्याच्याखालून पोस्टकार्ड सरकवलं. ते कुठेच अडलं नाही. मी भौतिकशास्त्राचा माणूस, हे सगळं पुस्तकात वाचलेला, तरी पोस्टकार्ड मागून घेऊन मीही एकदा सरकवून पाहिलं.

मग दुसरी वडी मोजायला घेतली. मॅडम बाजूला झाल्या आणि ब्युरेटचा नळ मामांच्या हातात दिला. एकेक थेंब पडत गेला, निळा रंग गेला. मामांनी पातळी वाचून दाखवली. मॅडमनी ब्युरेटकडे न बघता तो आकडा वहीत उतरवला.