वहिनीच्या वाट्या

आमचा दादा वेल्डर, पण गल्ली त्याला ओळखायची ती त्याच्या हातामुळे. कामगाराच्या कानाखाली, दारावर, वहिनीवर, कुठेही पडायचा. कारण लागायचं नाही. वडिलांच्या जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला आणि सुटे भाग ठेवायला वहिनीच्या सगळ्या वाट्या हिसकावल्या. निघेल तो भाग रांगेतल्या पुढच्या वाटीत. "शेवटी निघालेलं आधी बसतं, डोक्यात घुसलं का?" असं तो दिवसभर खेकसायचा. आम्ही पातळ भाजी चहाच्या कपातून खायचो.

त्या दुपारी क्लचची जाड स्प्रिंग बसवायची होती. वहिनीने लांब दांड्यावर भार देऊन लोखंडी चकतीखाली स्प्रिंग दाबून धरायची आणि दादाने वाकून वरची कडी अडकवायची. कडी दोनदा निसटली. दादाने वहिनीच्या थोबाडीत ठेवून दिली. तिचा ओठ फुटला.

"नीट धर, भवाने!" म्हणत तो पुन्हा वाकला, तोंड अगदी स्प्रिंगवर.

मी दारातच उभी होते. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि दांडा सोडला.

स्प्रिंगवरची लोखंडी चकती उसळून दादाच्या तोंडावर बसली. तो भिंतीवर आदळला. टेबलभर रक्त उडालं, पुढचे दात वाट्यांत जाऊन पडले. तो हात उगारत उठला, तेव्हा मी त्याचाच हातोडा उचलला. तो परत खाली बसला.

वहिनीने मनगटाने ओठ पुसला, दात वेचून रिकाम्या वाटीत टाकले आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"हे शेवटी निघाले," ती म्हणाली. "आता आधी हेच बसवा."