भाजणीच्या डब्यातली बाटली

बहारीनमध्ये अस्करला आमच्या कारखान्यात कामाच्या जागी मोबाईल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे मीनाक्षीवहिनी गेल्या हे मला चार तास उशिरा कळलं. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर पुण्याहून अनिलचा मेसेज होता. ‘मीनाक्षी गेली. सकाळी. फार त्रास झाला नाही.’ मी तो दोनदा वाचला, फोन परत आत ठेवला आणि शिफ्ट पूर्ण केली. आमचा केरळी फोरमन माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “दत्ताभाई, घर जाओ.” मी म्हटलं, “घर जाके क्या करूँ?” कठोरपणा म्हणून नव्हे, मला खरंच सुचत नव्हतं. आता दीड महिना झाला. लोक वहिनींबद्दल चांगलं बोलतात, बोलावंच. पण त्यांच्या शेवटच्या काही महिन्यांत माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती गाळून त्यांच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

अनिल दळवी आणि मी सतरा वर्षं एकाच कारखान्यात. त्याची बायको मीनाक्षी, मूळची कुडाळची, मनामातल्या एका खासगी दवाखान्यात फार्मासिस्ट होती. जिदहफ्सला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि एकुलती एक मुलगी ईशा. मी इथे एकटा राहतो, त्यामुळे शुक्रवारचं जेवण बहुतेक त्यांच्याकडेच. वहिनींचा स्वभाव एका प्रसंगात सांगता येईल. सुरुवातीच्या दिवसांत मला झोप लागेना, नाइट शिफ्टने घड्याळच बिघडलं होतं. ओळख आहे म्हणून मी त्यांच्या काउंटरवर गेलो आणि म्हटलं, “वहिनी, चार गोळ्या द्या ना झोपेच्या.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “डॉक्टरांची चिठ्ठी?” मी म्हटलं, “अहो, घरचाच माणूस मी.” तर म्हणाल्या, “घरच्या माणसाला घरी जेवायला मिळतं, भाऊजी. इथे चिठ्ठीवर मिळतं.” रात्री जेवायला मात्र बोलावलं आणि मागून गरम दूध प्यायला लावलं. आमच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे जरा दबूनच असत. अँटिबायोटिकचा कोर्स कोणी अर्ध्यात सोडला की त्यांना कसं कळायचं कोण जाणे, भर हळदीकुंकवात विचारायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या स्वादुपिंडाचं दुखणं निघालं. ऑपरेशन आणि केमो पुण्यात, भावाकडे राहून. त्यांचा भाऊ प्रशांत कोथरूडला असतो. केमोने त्यांचं खाणं सुटलं, पाण्याचा घोटही टिकेना, वजन उतरत गेलं. दुखण्यासाठी मॉर्फीन होतंच, पण त्याने दिवस दिवस गुंगी. तेव्हा त्यांच्याच कॅन्सरच्या डॉक्टरांनी एका वैद्यांचं नाव सुचवलं. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. तिच्या पानांच्या अर्कापासून केलेलं तेल आपल्याकडे परवान्याने तयार होतं आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळतं, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. गांजा आणि चरस कायद्याच्या बंदीत येतात, पान त्या व्याख्येत येत नाही, असं वहिनींनीच मला फोनवर समजावलं, आणि वर “म्हणून स्वतः जाऊन पानवाल्याकडे चौकशी करू नका” असंही. वैद्यांनी तासभर बसवून घेतलं, सगळे रिपोर्ट वाचले, चालू औषधांची यादी केली, डॉक्टरांशी फोनवर बोलले. यानं आजार बरा होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलं. मग चिठ्ठी दिली. तिच्यावर नाव, वय, थेंब किती, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, सगळं होतं. त्या चिठ्ठीची प्रत पाठवल्यावर कंपनीकडून बाटली घरपोच आली. पंधरा दिवसांनी पुण्याहून अनिलचा फोन आला, “दत्ता, आज तिने मऊभात खाल्ला आणि तो राहिला.”

डिसेंबरात त्या बहारीनला परत आल्या, कारण ईशाची बारावी होती. बोर्डाची परीक्षा इथल्याच शाळेत, मधेच उठून पुण्याला नेणं शक्य नव्हतं. आणि वहिनींना मुलीपासून लांब राहायचं नव्हतं. येताना तेलाची बाटली त्या प्रशांतकडे ठेवून आल्या. मी म्हटलं, “बॅगेत टाकायची ना, तुमच्याच नावाची आहे.” तर म्हणाल्या, “माझं नाव तिथे चालतं. इथे आधी विचारायला हवं.” आणि त्यांनी विचारलं. वैद्यांच्या चिठ्ठीचं भाषांतर, कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र, तेलाच्या तपासणीचा कागद, इथल्या ओळखपत्राची म्हणजे सीपीआर कार्डाची प्रत असं सगळं लावून त्यांनी इथल्या आरोग्य खात्याकडे रीतसर अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. या वनस्पतीपासून केलेलं काहीही, कुठल्याही स्वरूपात, चिठ्ठी असली तरी देशात आणता येणार नाही. मी चिडलो. वहिनी म्हणाल्या, “त्यांनी उत्तर तरी दिलं, भाऊजी. मी काउंटरवर लोकांना किती वर्षं नाही म्हणत आलेय.” पत्र त्यांनी फाईलला लावलं.

जानेवारी वाईट गेला. इथल्या हॉस्पिटलात त्यांना मॉर्फीन मिळत होतं, ठरावीक दिवसांपुरतं, कार्ड दाखवून, आणि ते देणाऱ्यांनी काहीही कमी केलं नाही. पण खाणं पुन्हा सुटलं. एका शुक्रवारी मी गेलो तर ईशा आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती आणि बाहेर वहिनी तोंडावर टॉवेल दाबून ओकत होत्या, आवाज आत जाऊ नये म्हणून. मला ते बघवलं नाही. गल्फमध्ये आमच्या लोकांची एक पद्धत आहे. पुण्याहून, रत्नागिरीहून कोणी यायचं म्हटलं की ग्रुपवर मेसेज पडतो, ‘दोन किलो जागा मिळेल का?’ मग कोणाचं लोणचं, कोणाचे लाडू, कोणाच्या बाळाची दुपटी येणाऱ्याच्या बॅगेत जातात. देणारा जे देईल ते आणणारा घेतो, उघडून बघणं हा अपमान समजतात. आमच्या मंडळींतल्या शिंद्यांच्या आई साताऱ्याहून यायच्या होत्या. सूनबाईचं बाळंतपण, वय सत्तरीच्या पुढे, विमानात पहिल्यांदाच. मी प्रशांतला फोन केला. वहिनींना आणि अनिलला काही न सांगता. प्रशांतनं नवीन बाटली मागवलेली होतीच. ती त्यानं चिठ्ठीसकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि थालीपिठाच्या भाजणीच्या डब्यात तळाला खुपसली, आणि डबा शिंद्यांच्या आईंकडे पोचवला. चिठ्ठी बरोबर आहे म्हणजे चोरी नव्हे, असं आम्ही दोघांनी एकमेकांना पटवलं. त्या नकाराच्या पत्रात काय लिहिलं होतं ते मी स्वतः वाचलेलं होतं, आणि तरीही पटवलं.

शनिवारी सकाळी शिंद्यांच्या आई सामान पोचवायला स्वतः वहिनींकडे गेल्या. चहा घेता घेता त्यांनी विमानतळाची गंमत सांगितली. ती वहिनींनी मला नंतर जशीच्या तशी ऐकवली. “त्या पोलिसानं डबाच उघडला की! बोटानं दाबून दाबून बघितलं. मी म्हटलं, बाबा, पिठ हाय, थालपिटाचं, खायाचं. तर हसला अन् झाकण लावून दिलं.” म्हातारी खूश होती, परदेशातल्या पोलिसाला आपण मराठीत समजावलं म्हणून. वहिनींनी तिला हसून निरोप दिला. मग, भाजणी आपण मागवलीच नव्हती म्हणून, डबा परातीत ओतला आणि प्रशांतला फोन करून विचारलं. आणि मला फोन आला, “आत्ता या. अनिल बाजारात गेलाय, तो यायच्या आत या.”

मी गेलो तेव्हा बाटली ओट्यावर होती, पिठाने माखलेली. वहिनी भिंतीला धरून उभ्या. सतरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालवणी फार थोड्या वेळा ऐकली होती. त्या दिवशी ऐकली. “तुमी खुळे झालास काय, भावोजी? म्हातारेक तुरुंगात घालूचा होता?” मी म्हटलं, “काही झालं नाही ना वहिनी...” तर म्हणाल्या, “बोट एक इंच खाली गेलं असतं तर झालं असतं. तिला काय सांगता आलं असतं? तिला तर माहीतही नव्हतं.” मी पुटपुटलो की आता आलीच आहे, आता कोण बघतंय, निदान परीक्षा होईपर्यंत तरी घ्या. त्या म्हणाल्या, “या घरात ही सापडली तर अनिलचं काय होईल? आणि ईशाचं?”

त्यांनी बेसिनचा गरम पाण्याचा नळ सोडला. “औषध असं ओतायचं नसतं खरं तर. नष्ट करायची पद्धत वेगळी असते.” हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही. बूच फिरवायला हाताला जोर नव्हता. मी पुढे झालो तर “नको” म्हणाल्या आणि नॅपकिनने पकडून स्वतःच फिरवलं. हिरवट तेल हळूहळू उतरलं, भांडी घासायचा साबण घालून बाटली दोनदा धुतली, चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. माझ्याकडे पाठ होती. खांदे स्थिर होते. मला मनातून वाटलं, कमाल आहे बाईची, हिला जड कसं जात नाही? मग नळ बंद करून त्या स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “गुरुवारचं पुण्याचं तिकीट बघा. तुम्हीच बघा.”

“अहो, पण ईशाची परीक्षा?”

“आज ओतली, भाऊजी. उद्या कोणी दुसरी आणून दिली तर ओतीन, असं मला सांगता येत नाही. फार दुखतं.” पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर ‘दुखतं’ हा शब्द वापरला. “जिथे ते माझ्या नावावर मिळतं तिथे जाऊन घेते.”

म्हणजे त्या मुलीजवळ राहाव्यात म्हणून मी जे केलं, त्यानेच त्या मुलीपासून दूर गेल्या. गुरुवारी विमानतळावर ईशा आली होती. वहिनी व्हीलचेअरवर. तिला म्हणाल्या, “केमिस्ट्रीचं रिव्हिजन आधी कर, ते तू टाळतेस.” ईशा “ओके आई” म्हणाली आणि आई आत जाईपर्यंत हसत राहिली. पार्किंगमध्ये येऊन मग गाडीला टेकून रडली. अनिल एकीकडे पार्किंगचं तिकीट शोधत होता, मी दुसरीकडे बघत होतो.

पुण्यात त्यांचं बरं चाललं होतं, जितकं चालू शकतं तितकं. वैद्यांनी तपासून मात्रा पुन्हा ठरवून दिली. मॉर्फीन कमी लागू लागलं, थोडं जेवण जाऊ लागलं. रोज संध्याकाळी मायलेकी व्हिडिओवर, बऱ्याचदा न बोलता, ही इकडे गणितं सोडवतेय, ती तिकडे पडल्या पडल्या बघतेय. मार्चअखेर शेवटचा पेपर झाला आणि बापलेक त्याच संध्याकाळच्या विमानाने गेले. मायलेकींना नऊ दिवस मिळाले. त्यातले सात वहिनी जाग्या होत्या, बोलत होत्या, ईशाच्या केसांना तेल लावण्यापर्यंत. मी मात्र नऊच मोजत होतो, आणि माझ्यामुळे गेलेले बावन्न.

गेल्या शुक्रवारी मी जिदहफ्सला गेलो. ईशा आणि अनिल परत आलेत, कॉलेजचं अजून ठरायचंय. जेवणं झाली, अनिल आत पडला. ईशा भांडी विसळत होती आणि मी पुसत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, “ईशा, ती बाटली मी मागवली होती. तुझी आई माझ्यामुळे लवकर पुण्याला गेली.”

“आय नो, काका. आईने सांगितलं मला, पुण्यात.”

“काय सांगितलं?”

तिने हातातला कप विसळून माझ्याकडे दिला. “यू नो, तुम्ही यायच्या आधी तिने लेबल वाचलं होतं. रोज दहा थेंब, साठ दिवस. माझा लास्ट पेपर अठ्ठावन्नाव्या दिवशी होता.” मग नेहमी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी ती पोर आईच्या शब्दांत, आईच्याच आवाजात म्हणाली, “पुरली असती. म्हणून पटकन ओतली.”

मला तेव्हा खांदे स्थिर दिसले होते. समोरून मी बघितलं नव्हतं.

हल्ली शुक्रवारी जेवणं झाली की भांडी मीच घासतो. अनिल म्हणतो, राहू दे रे. मी राहू देत नाही. शेवटचं भांडं झाल्यावर गरम पाण्याचा नळ थोडा वेळ तसाच सोडतो आणि तिथे उभा राहतो. ईशा कोरडा नॅपकिन तेवढा हातात देते.