पाठीवरचे जनरल

माझ्या वडिलांच्या गोष्टीवर आमच्या बिल्डिंगीत कोणाचाच विश्वास नव्हता. आबा मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून सुटले आणि रबाळ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. युद्धात डोंगरावरच्या चौकीची पाहणी करायला आलेल्या जनरलसाहेबांच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला, तेव्हा त्या धिप्पाड माणसाला पाठीवर घेऊन आबा बर्फातून खाली उतरले होते. साहेबांचा पाय वाचला, आबांची कंबर कायमची गेली.

"जनरलला उचललं म्हणे, आन गॅसचा सिलेंडर उचलत नाय," असं सोसायटीचे चेअरमन जिन्यात सगळ्यांदेखत म्हणायचे. आबा हसायचे. मला मात्र त्या चेअरमनच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

साहेब पुढे राजकारणात गेले, मंत्री झाले. परदेशांशी बोलणी करायला त्यांनाच पाठवत. ते टीव्हीवर दिसले की आबा खुर्चीत ताठ बसत. साहेबांनी एकदा चारचौघांत ती गोष्ट सांगावी, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

मग शिरवण्याजवळच्या चौकात शिल्प बसवायचं ठरलं. 'जनरलसाहेबांचा रणभूमीवरील अमर प्रसंग', असे फ्लेक्स लागले. अनावरणाला खुद्द साहेब येणार होते आणि माजी सैनिकांनाही बोलावणं होतं. आबांनी कोटाला इस्त्री केली, पदकं घासली आणि चेअरमनच्या दारात जाऊन त्यांना आग्रहाचं आमंत्रण दिलं.

कापड खाली आलं. शिल्पात चालत होते ते साहेब, रुंद खांद्यांचे, जबडा आवळलेले. त्यांच्या पाठीवर मान टाकलेला एक जवान होता. दूरच्या त्यांच्या मतदारसंघात साहेब इतकी वर्षं गोष्ट अशीच सांगत आले होते, हे आम्हाला त्या दिवशीच्या भाषणांतून कळलं.

आबा मंचावर सलाम करायला गेले. साहेबांनी त्यांना ओळखलं, हे मी छातीठोकपणे सांगते. आबांना बघताच त्यांचा हात मांडीवर गेला होता. दुसऱ्याच क्षणी त्यांनी आबांच्या खांद्यावर हात टाकून माइक ओढला.

"हाच तो माझा जवान," साहेब म्हणाले. "काय जड होतास रे तू."

लोक हसले. साहेबांनी माइक आबांच्या तोंडापुढे धरला. "सांग यांना. खरं की नाही?"

आबांनी टाचा जुळवल्या. "जी, साहेब."

टाळ्या थांबेनात. चेअरमन तर उभे राहून वाजवत होते. मला त्या म्हाताऱ्या जनरलची मनापासून किळस आली, आणि त्याहून जास्त राग माझ्या बापाचा आला.

घरी येऊन मी खूप बोलले. आबा बुटांच्या नाड्या सोडत होते.

"साहेबाला चारचौघांत खोटं पाडत न्हाईत, पोरी."

"आता कुठे फौजेत आहात तुम्ही?"

"पर साहेब साहेबच हाईत की."

त्यानंतर आबांना मान मिळायला लागला. चेअरमन नमस्कार करू लागले. झेंडावंदनाला त्यांना त्या शिल्पाखाली उभं करून शाल घालत, आणि आबा दरवर्षी जात. मी एकदाही गेले नाही.

यंदा त्यांची कंबर पुरती धरली. पाय उचलेना. हॉस्पिटलात न्यायचं तर लिफ्ट बंद. शेवटी आमच्या वॉचमनने त्यांना पाठीवर घेतलं आणि जिना उतरायला लागला. चेअरमन पुढे होऊन लोकांना बाजूला करत होते.

"काकांचं टेन्शन नको," ते म्हणाले. "त्यांना पाठीवर बसायची सवय हाय."

दोन-चार जण हसलेही. आता तरी आबा तोंड उघडतील असं मला वाटलं. वॉचमनला धाप लागली होती. आबांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "लय जड हाय का रं मी?"