उंचावरचं वाळवंट

दत्तप्रसाद मोघ्यांना वाळवंट कळतं, असं अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या त्या वर्कशॉपमध्ये सगळेच म्हणत, आणि हळूहळू त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. अठरा वर्षं ते पोर्टा केबिनची डिझाइनं करत होते. आडरानातल्या साइटवर माणसं राहतात, त्या तयार खोल्यांची. लिवाच्या वाळूत, जुलैच्या पन्नास डिग्रीत, त्यांच्या केबिनमध्ये माणूस चादर ओढून झोपे. दार लावलं की धुळीचा कण आत शिरत नसे. दाराच्या कडेची रबरी पट्टी तर त्यांनी स्वतः चार वेळा बदलून पक्की केली होती.

केबिन उभ्या करायचं काम तय्यबभाईंचं. रत्नागिरीजवळच्या जयगडचे, मूळचे सुतार, इथे येऊन फोरमन झालेले. दोघांचा बारा वर्षांचा दोस्ताना. दुपारी डबे एकत्र उघडत. सुचित्राने, म्हणजे दत्तप्रसादांच्या बायकोने, डब्यात भरली वांगी दिली की त्यातली दोन तय्यबभाईंची, हे ठरलेलं.

तीन वर्षांपूर्वी अल्जीरियाचं काम आलं. देशाच्या पार दक्षिणेला होग्गारचे डोंगर आहेत. तिथे खनिजं शोधणाऱ्या लोकांसाठी छोटा कॅम्प उभा करायचा होता. सामानाची यादी क्लायंटकडूनच आली होती. त्यात आठ हीटर होते. दत्तप्रसाद मोठ्याने हसले.

"सहारात हीटर! राजन, हे बघ," त्यांनी मॅनेजरला हाक मारली. "यांना जनरेटर एक साइझ मोठा लागेल या आठ डब्यांपायी."

राजनही हसला. दत्तप्रसादांनी त्या ओळीवर काट मारली आणि पुढे लिहिलं, 'डेझर्ट लोकेशन, नॉट रिक्वायर्ड.' जनरेटर लहान झाला, सगळं दोन कंटेनरमध्ये बसलं, मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक झालं.

कॅम्प उभारायला आणि मग हिवाळाभर देखभालीला तय्यबभाई गेले. नोव्हेंबरात त्यांचा पहिला फोन आला तो नवलाईचा. "साहेब, इथं वाळू कुठाय? सगळा काळा कातळ. आमच्या सड्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त समुद्र काढून घेतलाय. डोंगर असे, की कुणी सुळे रोवून ठेवलेत. आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटून रक्त येतं."

डिसेंबरच्या अखेरच्या फोनमध्ये नवलाई नव्हती.

"साहेब, बादलीतलं पाणी सकाळी दगड होतंय."

"काय सांगता तय्यबभाई!"

"खोटं कशाला बोलू? दुपारी शर्ट काढावासा वाटतो, आणि सूर्य गेला की हाडं वाजतात. इथले तुआरेग लोक आमची ब्लँकेटं बघून हसतात. हीटर पाठवा. आठ नको, चार द्या."

दत्तप्रसाद तेव्हा दुसऱ्या एका टेंडरच्या गडबडीत होते. खिडकीबाहेर मुसफ्फात मस्त ऊन पडलं होतं, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. त्यांना वाटलं, कोकणातला माणूस, थोड्या गारठ्यानेही कुडकुडतो.

"फेब्रुवारीत तर काम संपतंय. बघू पुढच्या कंटेनरला. तोवर दोन-दोन ब्लँकेटं घ्या अंगावर. यल्ला, ठेवतो."

"तुम्ही म्हणाल तसं," तय्यबभाई म्हणाले.

हे बोलणं दत्तप्रसादांनी कुणालाच सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. टेबलावरची पुढची फाइल उघडली आणि विसरले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारा शून्याच्या खाली सात गेला. तय्यबभाईंच्या केबिनमधल्या चौघांनी पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवून आत ठेवले आणि दार घट्ट लावलं. केबिन उत्तम होती. बाहेरची हवा आत आली नाही, आतला विषारी वायू बाहेर गेला नाही. सकाळी चहाला कुणी उठलं नाही, तेव्हा तुआरेग ड्रायव्हरने दार फोडलं. तिघे दोन दिवसांत सावरले. डब्याच्या सर्वांत जवळ तय्यबभाई झोपले होते. ते जगले, पण चालणं गेलं, बोलणं जड झालं, आणि तो हिवाळा डोक्यातून पुसला गेला.

कंपनीने रिपोर्ट मागवला. राजनने मसुदा आणून दिला: कामगारांनी नियम मोडून खोलीत आग पेटवली. एवढंच. दत्तप्रसादांनी तो दोनदा वाचला. हीटरचा त्यात शब्द नव्हता. त्यांनी सही केली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या घरी आठवीतली मुलगी इरा टेबलावर अ‍ॅटलास पसरून बसली होती. दत्तप्रसादांनी सहज विचारल्यासारखं करून अल्जीरिया काढायला लावला. पिवळ्या पसाऱ्याच्या तळाशी गडद तपकिरी डाग होता.

"हे काय गं?"

"ब्राउन मीन्स हाय, बाबा. माउंटन्स. हाय मीन्स कोल्ड. वी डिड इट इन ग्रेड फाइव्ह." ती वर न बघताच म्हणाली.

ते उठून बाल्कनीत गेले. सुचित्राने दोनदा जेवायला बोलावलं, तरी आत आले नाहीत.

तय्यबभाईंना उपचारांसाठी दुबईला आणलं, तेव्हा त्यांची बायको मैमुनाबी जयगडहून आली. दुबईच्याच देरा भागात तिच्या भावाची, मुश्ताकची खोली होती, तिथे राहिली. दत्तप्रसाद दर शुक्रवारी फळं घेऊन जात. तय्यबभाई त्यांना बघून हसत, वर्कशॉपची चौकशी करत, मध्येच शब्द हरवत. मैमुनाबी चहा देई आणि फार बोलत नसे. असे सात शुक्रवार गेले. आठव्या शुक्रवारी ते जिन्यातच थांबले आणि तिला म्हणाले, "वहिनी, मला एक सांगायचंय. हीटर यादीत होते. मी काढले. आणि तय्यबभाईंनी मागितले, तेही मी दिले नाहीत."

ती कठड्याला धरून उभी राहिली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलून त्यांनी मलाच फोन केला होता. म्हणाले, साहेबांना काम असेल, देतील. मी बघत होते, तुम्ही कधी सांगता ते. आणि कंपनीने आम्हाला दिलेल्या त्या कागदावर यांनीच चूक केली असं लिहिलंय, ती सही पण तुमचीच, ना?"

"माझीच."

"मग मला सांगून काय होणार, साहेब?"

त्या रविवारी दत्तप्रसादांनी नवा रिपोर्ट लिहिला. यादीवरची काट, फोनची तारीख, आपलं उत्तर, सगळं. राजनने वाचून परत सरकवला. "दत्ता, फाइल क्लोज झाली. खलास. का स्वतःचा गळा कापतोस?" तरीही त्यांनी तो वर पाठवला आणि क्लायंटलाही. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. नोकरी टिकली. लोक दुपारी त्यांच्याशेजारी बसायचे तेवढे कमी झाले.

एक प्रत त्यांनी मैमुनाबीला दिली. मुश्ताकने ती वाचून दाखवली. तय्यबभाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग तुटक तुटक म्हणाले, "आग... मीच पेटवली असणार. थंडी लागली तर माणूस काय करील?" मैमुनाबीने कागद घडी करून बॅगेत ठेवला.

एप्रिलमध्ये ते दोघं गावी निघाले. दत्तप्रसादांनीच गाडीने एअरपोर्टला सोडलं. व्हीलचेअर आत जाताना ते म्हणाले, "मी रोज फोन करत जाईन."

"रोज नको," मैमुनाबी म्हणाली. "ईदला करा."

ते ईदला करतात. तय्यबभाईंचं बोलणं आता थोडं मोकळं झालंय. ते जेट्टीवरच्या बोटींचं सांगतात, इरा किती मोठी झाली ते विचारतात आणि दर वेळी म्हणतात, "या की एकदा जयगडला, साहेब." दत्तप्रसाद म्हणतात, "इन्शाल्ला, या वेळी नक्की." त्यानंतर ते तीनदा सुट्टीवर पुण्याला जाऊन आले. एकदा तर जयगडला जायचं म्हणून पहाटे गाडीत बसून कराडपर्यंत गेले, तिथे चहा प्यायले आणि परत फिरले. सुचित्राने विचारलं तेव्हा त्यांनी रस्ता खराब असल्याचं सांगितलं.