घंटा नाई वाजली तं

जीनातला कापूस रोजच्या रोज उचलल्या जाते. किस्से कोणी उचलत नाई, त्याइचा ढीग लागते. अकोल्याच्या आमच्या जीनात, म्हंजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, एका बाईचा हात मशीनीत गेला, तवा मालकानं अमरावतीहून मास्तर आणला. कालेजात तर्कशास्त्र शिकलेला. जेवणाच्या सुटीत क्लास, पास होईन तो लाइनीचा मुकादम. मले मुकादमकी नोती पाह्यजे. माही बायको शांता त्याच लाइनीत मशीनीवर होती. मुकादम व्हाले निंगालेल्या येड्याइच्या भरोशावर तिचे हात, म्हणून बसलो क्लासात.

*

मास्तर म्हणे, "घंटा वाजली तर मशीन सुरू होते. आता घंटा वाजली नाही. मग?"

सारा क्लास म्हणे, "बंद."

"असं मी म्हटलं का? पट्टा आपोआप चाकावर चढला, तर घंटेशिवायही सुरू होईल."

रहीमचाचा उठला. "मास्तर, बायको म्हणते टाइमावर आले तं भाकर भेटन. नाई आलो तं भेटते काय?"

सारे हासले. मी भाकर ठेवली अन् शांताच्या मशीनीचा पट्टा पाहून आलो.

*

"तेल संपलं किंवा पट्टा ढिला झाला, तर मशीन थांबवा." क्लासातल्या गुलाबनं मास्तरचं हे वाक्य पाठ केलं.

एक दिवस शांताची मशीन करकर करून राहिली. तेल संपलं, पट्टा भी ढिला. गुलाब बाजूले उभा.

मी म्हटलं, "थांबवत काहून नाई बे?"

"मास्तर 'किंवा' म्हणले. इथं तं दोन्ही झालं."

*

मंग गुलाब चालू मशीनीत हात घालून सरकी काढतानी सापडला. मी त्याले बखोट धरून मास्तरापुढं नेला.

गुलाब म्हणे, "चालू मशीनीत हात घातला तं तुटते, हे तुमचंच. माहा तुटला नाई. म्हंजे मी घातलाच नाई."

मास्तर खुश. "तर्क बिनचूक आहे."

मी गुलाबच्या कानाखाली देल्ली. मास्तर थोडक्यात वाचला.

*

गुलाब पयल्या नंबरानं पास. शांताच्याच लाइनीवर मुकादम. माही झोप गेली.

एक दिवस तिच्या मशीनीत सरकी अटकली. मशीन थांबली, पण पट्टा चाकाच्या काठावर हालून राहिला होता. मी दुसऱ्या टोकाहून धावतच आलो.

गुलाब म्हणत होता, "वयनी, घंटा नाई वाजली. म्हंजे बंद हाय. घाला हात."

शांतानं हात पाठीमागं घेतले. "भाऊजी, मुकादम तुमी. पयले तुमी घाला."

गुलाबनं घंटेकडं पाह्यलं. पट्ट्याकडं पाह्यलं. मंग दोन्ही हात खिशात घातले अन् म्हणे, "मास्तरले बलावा."